रंगाचे नाव शेवटी : लहान मुलांना खेळातून रंग शिकवताना

बालवाडीत शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी साडेतीन वर्षांची एक मुलगी माझ्या वर्गात होती. कोणतीही वस्तू दाखवून "हिचा रंग कोणता?" असे विचारले की ती लगेच "पिवळा" म्हणायची. टोमॅटो पिवळा, आकाश पिवळे, फळाही पिवळा. तिच्या आईला काळजी वाटू लागली होती आणि खरे तर मलाही. एके दिवशी मी बाटल्यांची रंगीत झाकणे एका ताटात ओतली आणि दुसऱ्या मुलाचे नाक पुसायला वळले. परत येऊन पाहते तो तिने लाल, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या आणि निळ्या झाकणांचे पाच ढीग केले होते, आणि निळ्यांतली फिकट आकाशी झाकणे वेचून त्यांची वेगळी रांग लावली होती. तिला सगळे रंग स्वच्छ दिसत होते. "रंग कोणता?" या प्रश्नाचे उत्तर "पिवळा" असते, एवढाच तिचा समज होता, आणि तो समज आम्ही मोठ्यांनीच तिला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारून पक्का केला होता.

ही गोष्ट नवी नाही. चार्ल्स डार्विन यांनाही स्वतःच्या मुलांविषयी अशीच शंका आली होती. रोजच्या वस्तूंची नावे नीट सांगणारी मुले रंगांची नावे मात्र चुकवतात, हे पाहून ती रंगांध असावीत असे त्यांना वाटले, आणि ती भीती निराधार ठरल्याचे त्यांनी १८७७ मध्ये लिहून ठेवले. मूल चार महिन्यांचे होते तोवर त्याला रंग चांगले दिसू लागलेले असतात. नावे मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी जागेवर बसतात. मधल्या काळात अडचण असते ती शब्दाची. वाटी हातात धरता येते, चेंडू फेकता येतो, पण "लाल" असे वेगळे काही हाती लागत नाही. तो कधी चेंडूला चिकटलेला असतो, कधी टोमॅटोला, कधी आजीच्या लुगड्याला. या सगळ्यांत समान काय आहे, हे मुलाने स्वतः शोधून काढायचे असते, आणि त्यासाठी त्याला प्रश्नांपेक्षा खेळ हवे असतात.

म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम सांभाळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आधी जोड्या लावणे, मग सांगितलेल्या रंगाची वस्तू आणून देणे, आणि त्यानंतरच रंगाचे नाव विचारणे. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

तयारी

बाजारातून काहीही विकत आणावे लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा पाने, फुले, बिया, शंखशिंपले अशा परिसरातल्या वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाची साधने बनवले. आपल्या घरातही एवढे सहज जमते: शिंप्याकडच्या कापडाच्या चिंध्या, कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे, प्लास्टिकच्या बांगड्या, लोकरीचे गोंडे, एकाच आकाराच्या रंगीत वाट्या. रंगाच्या दुकानात मिळणारे शेडकार्ड आवर्जून मागून घ्यावे; त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

वस्तू निवडताना एक नियम पाळावा. सुरुवातीच्या वस्तूंमध्ये रंग सोडून बाकी सगळे सारखे असावे. लाल चेंडू, निळी वाटी आणि पिवळी गाडी समोर ठेवली, तर आपण रंगाविषयी बोलतो आहोत की वस्तूविषयी, हे मुलाला कळण्याचा मार्ग नाही. तीन सारख्या वाट्या, एक लाल, एक पिवळी, एक निळी, अशा ठेवल्या की फरक फक्त रंगाचा उरतो. मारिया माँटेसरी यांच्या रंगपट्ट्यांच्या पहिल्या पेटीत याच तीन रंगांच्या फक्त तीन जोड्या असतात आणि सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या असतात, त्याचे कारण हेच आहे.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. चार सेंटिमीटरपेक्षा लहान कोणतीही वस्तू, म्हणजे मणी, बटणे, चिंचोके आणि बाटल्यांची झाकणेसुद्धा, तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये, आणि त्याहून मोठी मुलेही मोठ्यांच्या नजरेखालीच त्यांच्याशी खेळावीत. लाल-काळ्या गुंजा दिसायला मोहक असल्या, तरी त्या अत्यंत विषारी असतात; त्या खेळाच्या डब्यात कधीही नसाव्यात. शेंदूरही मुलांना खेळायला देऊ नये, कारण त्यात शिसे असू शकते. रांगोळीची पूड डोळ्यांत आणि नाकात जाते, म्हणून लहान मुलांसाठी तिच्याऐवजी तांदळाचे पीठ घ्यावे.

खेळ शक्यतो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ किंवा ओसरीवर मांडावा. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली गडद निळा आणि काळा यांत मोठी माणसेही फसतात, आणि मग मुलाचे काही चुकलेले नसताना आपण त्याला दुरुस्त करत बसतो.

शब्द आधी ठरवून घ्यावेत

ही गोष्ट फारसे कुणी सांगत नाही, म्हणून मी इथे थोडी थांबते. आजी "तांबडा" म्हणते, आई "लाल" म्हणते आणि शाळेत "रेड" म्हणतात. नारिंगी, केशरी आणि भगवा यांचेही तसेच. मोठ्यांना हे समानार्थी शब्द वाटतात, पण मुलाला ते तीन वेगळे रंग वाटू शकतात. पहिले काही आठवडे घरातल्या सर्वांनी मिळून एक शब्द ठरवावा आणि तोच वापरावा. तांबडी माती, तांबडा रस्सा हे शब्द पुढे आपोआप येतात. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत मूल पाळणाघरात इंग्रजी नावे शिकते. तिथे घरी मराठी नाव ठेवावे, मात्र एकाच वाक्यात "लाल म्हणजे रेड" अशी जोडाजोड करू नये. दोन भाषा दोन जागी ठेवणे मुलांना चांगले जमते.

मराठीत आणखी एक पेच आहे. लाल, गुलाबी, केशरी, पोपटी हे शब्द बदलत नाहीत, पण पिवळा, निळा, हिरवा, काळा, पांढरा, जांभळा हे वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतात. हिरवा पाला, हिरवी मिरची, हिरवे पान. मूल यातून शिकते आणि नीट शिकते, पण सुरुवातीला एका बैठकीत एकाच लिंगाच्या वस्तू घेतल्या, म्हणजे आज नुसत्या वाट्या आणि उद्या नुसते चेंडू, तर शब्द एकाच रूपात कानावर पडतो आणि पकडायला सोपा जातो.

वाक्याची रचनाही महत्त्वाची आहे. "लाल वाटी बघ" असे म्हटले की मुलाचे लक्ष वाटीकडेच जाते आणि "लाल" हा शब्द निसटतो. "ही वाटी लाल आहे" असे म्हटले की वाटी आधी डोळ्यांसमोर येते आणि मग तिच्याविषयीची नवी माहिती कानावर पडते. मायकेल रॅमस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांवर जे प्रयोग केले, त्यांतही वस्तूचे नाव आधी आणि रंग नंतर ऐकलेली मुले अधिक शिकली. मराठीत ही रचना आपल्या तोंडी सहज बसते.

पहिली पायरी : जोड्या लावणे

अडीच-तीन वर्षांच्या मुलासमोर लाल, पिवळी आणि निळी अशा तीन वाट्या मांडाव्यात आणि त्याच रंगांचे प्रत्येकी दोन-तीन गोंडे एका टोपलीत ठेवावेत. काहीही न बोलता आपण एक लाल गोंडा उचलावा, तो लाल वाटीजवळ धरून क्षणभर पाहावे आणि वाटीत ठेवावा. मग निळा. मग टोपली मुलाकडे सरकवावी. शब्दांची गरज इथे नाही, आणि शब्द नसल्यामुळे चुकण्याची भीतीही नसते. मुलाने निळा गोंडा पिवळ्या वाटीत टाकला तर "नाही, चुकलं" असे म्हणू नये. पुढच्या फेरीत आपला गोंडा जरा सावकाश, दोन्ही वाट्यांजवळ धरून, मग योग्य जागी ठेवावा. बहुतेक मुले दोन-तीन दिवसांत आपली चूक आपणच काढून दुरुस्त करू लागतात, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते त्यापुढे आपले "शाब्बास" फिके असते.

तीन रंग पक्के झाल्यावर हिरवा आणि केशरी आणावा, मग जांभळा, गुलाबी, काळा, पांढरा आणि तपकिरी. घाई नको, आठवड्याला एक नवा रंग पुष्कळ झाला.

याच पायरीवर घरातली कामे खेळ होतात. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे हे तीन वर्षांच्या मुलाला मनापासून आवडते. दोरीवर वाळत घातलेल्या पिवळ्या सदऱ्याला पिवळाच चिमटा, निळ्या टॉवेलला निळाच, असा नियम केला की मूल कपडे वाळत घालायला स्वतःहून येते. चिमटा दाबताना अंगठा आणि तर्जनीला जो व्यायाम होतो, तो पुढे पेन्सिल धरताना कामी येतो.

दुसरी पायरी : दे, आण, शिव

आता शब्द येतात, पण ते आपल्या तोंडी. मुलाने फक्त ऐकायचे आणि कृती करायची. फ्रेंच वैद्य एदुआर सेगाँ यांची आणि पुढे माँटेसरींनी स्वीकारलेली तीन टप्प्यांची पद्धत इथे उत्तम चालते. पहिल्या टप्प्यात "ही लाल आहे, ही निळी आहे" एवढेच. दुसऱ्यात "लाल मला दे", "निळी खिडकीत ठेव", "लाल पाठीमागे लपव". तिसऱ्यात "ही कोणती?" मधला टप्पा सर्वांत लांब ठेवावा, अगदी आठवडेच्या आठवडे, कारण शिकणे खरे तिथेच होते. मूल चुकले तर पहिल्या टप्प्यावर परत यावे आणि चेहऱ्यावर निराशा दिसू देऊ नये.

या टप्प्यावर हालचालीचे खेळ भरपूर घ्यावेत. अंगणात किंवा गच्चीवर रंगीत खडूंनी मोठी वर्तुळे काढावीत आणि "सगळे हिरव्या घरात!" अशी आरोळी द्यावी. मुले धावत सुटतात, आणि ज्याला हिरवा कळलेला नसतो तो इतरांच्या मागे जाऊन पोहोचतो; त्यात लाज वाटण्यासारखे काही नसते आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला तो स्वतः धावू लागतो. मोठी मुले गल्लीत "कलर कलर" म्हणून सांगितलेल्या रंगाच्या वस्तूला हात लावायचा जो खेळ खेळतात, तोही इथे बसतो. फक्त कुणावर राज्य आणू नये, कारण तीन वर्षांच्या मुलाला बाद होणे फार लागते.

भाजी-बाजार हा माझ्या वर्गातला सर्वांत टिकलेला खेळ आहे. सतरंजीवर खऱ्या भाज्या मांडायच्या: टोमॅटो, गाजर, भेंडी, वांगी, लिंबे, मुळा, बीट. एकाने भाजीवाली व्हायचे आणि बाकीच्यांनी पिशवी घेऊन यायचे. "मावशी, जांभळं काय आहे?" "वांगी आहेत, ताजी आहेत." इथे रंगाला वास येतो, वजन येते, देठाचे काटे टोचतात. मोबाइलच्या पडद्यावरचा लाल सगळीकडे एकसारखा चकचकीत असतो. टोमॅटोचा लाल देठाजवळ हिरवट असतो, खाली गडद होतो, आणि त्याला तरीही लाल म्हणतात, हे मुलाला हाताळल्याशिवाय कळत नाही.

प्रवासातही खेळ चालू ठेवता येतो. एसटीची लाल परी, शाळेची पिवळी बस, मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी. आज आपण फक्त लाल गाड्या शोधायच्या, असे ठरवले की तासाभराचा प्रवास बरा जातो.

तिसरी पायरी : नाव सांगणे

याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मागच्या दोन पायऱ्या नीट झाल्या असतील, तर एके दिवशी मूल आपणहून "आई, माझी चड्डी निळी आहे" असे सांगते. साधारणपणे चार-साडेचार वर्षांपर्यंत मुलांना मुख्य रंगांची नावे येतात, पण मुलामुलांत बरेच अंतर असते. नाव विचारायचेच असेल तर खऱ्या गरजेपोटी विचारावे: "तुला कोणत्या रंगाचा फुगा हवा?" हा प्रश्न मुलाला परीक्षा वाटत नाही, कारण उत्तर दिल्यावर हातात फुगा येतो. पाहुण्यांसमोर "सांग बरं, हा कोणता कलर?" असे विचारणे कृपया बंद करावे.

छटा

पाच वर्षांच्या आसपास मुलांची नजर फार बारीक होते, आणि इथे मराठी भाषेची श्रीमंती कामी येते. आपल्या बऱ्याच रंगांची नावे मुळात वस्तूंचीच आहेत. जांभळा जांभळावरून, पोपटी पोपटावरून, मोरपंखी मोरपिसावरून, डाळिंबी, अंजिरी, अबोली, आमसुली, बदामी, विटकरी, शेवाळी. मुलाच्या हातात आमसूल द्यावे, ते उजेडात धरायला सांगावे आणि मग तसाच रंग घरात कुठे सापडतो ते शोधायला लावावे. त्याला तो आजीच्या साडीत सापडतो किंवा कपाटातल्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर.

शेडकार्ड इथे बाहेर काढावे. हिरव्याच्या सात-आठ पट्ट्या कापून त्या गडद ते फिकट अशा रांगेत लावायला द्याव्यात, सुरुवातीला तीनच. मग त्या पट्ट्या घेऊन बागेत किंवा रस्त्याकडेला जावे आणि प्रत्येक पट्टीशी जुळणारे पान शोधावे. आंब्याची कोवळी पालवी मुळी हिरवी नसतेच, ती तांबूस असते, हे माझ्या वर्गातल्या मुलांनी मला दाखवले. मी ते झाड रोज पाहत होते.

रंग मिसळणे

हा भाग शेवटी येतो, पण मुलांना तो सर्वांत प्रिय असतो. पांढऱ्या कागदावर तीन काचेचे पेले ठेवावेत (लहान मुलांसाठी पारदर्शक प्लास्टिकचे), त्यांत थोडे पाणी घ्यावे आणि खाण्याच्या रंगाचे थेंब टाकावेत. नियम एकच: आधी फिकट रंग, मग त्यात गडद रंग थेंबाथेंबाने. पिवळ्या पाण्यात निळ्याचा एक थेंब पडला की तो धुरासारखा खाली उतरतो आणि त्याच्या कडेने हिरवा उमटू लागतो. त्या क्षणी काहीही बोलू नये, मुलांना पाहू द्यावे. उलट केले, म्हणजे निळ्यात पिवळा घातला, तर अर्धी बाटली संपली तरी हिरवा दिसत नाही. पिवळ्यात लाल मिसळून केशरी चांगला होतो. जांभळ्यासाठी मात्र गुलाबीकडे झुकणारा लाल घ्यावा; केशरट लालात निळा घातला की मळकट तपकिरी रंग येतो आणि मुलांचा विरस होतो.

पाणी सांडण्याची अडचण असेल, तर कणकेचे दोन गोळे, एक पिवळा आणि एक निळा, एकत्र मळायला द्यावेत. आधी पट्टे दिसतात, मग ठिपके, आणि हात दुखेपर्यंत मळल्यावर पूर्ण हिरवा गोळा होतो.

हळदीचा प्रयोग प्रत्येक घरात व्हावा असे मला वाटते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे प्रत्येक आईने पाहिलेले आहे. पाण्यात हळद कालवून ती पांढऱ्या कागदावर पसरावी आणि कागद वाळू द्यावा. मग कपडे धुण्याच्या साबणाचे थोडे पाणी करून त्यात कापूस गुंडाळलेली काडी बुडवावी आणि मुलाला त्या पिवळ्या कागदावर चित्र काढू द्यावे. साबणाचा हात लागेल तिथे तांबूस रेघ उमटते, आणि तिच्यावर लिंबाचा रस पडला की ती पुन्हा पिवळी होते. साबणाच्या क्षारामुळे हळदीचा रंग बदलतो आणि लिंबाच्या आम्लामुळे तो परत येतो. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू करतात, त्यामागचे कारणही हेच. मात्र मुलांच्या खेळात चुना कधीही आणू नये, कारण तो डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. दारात गोकर्णीचा वेल असेल, तर तिची निळी फुले कोमट पाण्यात भिजवून त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळावे. ते पाहता पाहता जांभळे होते.

शंका आली तर

नाव चुकणे हे काळजीचे कारण नाही. जोडी लावण्यात मात्र पाच वर्षांचे मूल पुन्हा पुन्हा चुकत असेल, विशेषतः हिरवा आणि तपकिरी, लाल आणि तपकिरी, निळा आणि जांभळा किंवा गुलाबी आणि राखाडी यांची सरमिसळ करत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणे हा रंगांधत्वाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. तो X गुणसूत्रावरून येत असल्यामुळे मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक दिसतो, आणि आईच्या वडिलांना किंवा भावाला तो असेल तर मुलाकडे आवर्जून लक्ष द्यावे. अंक न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांच्या आणि वळणदार रेषांच्या तपासणी-पट्ट्या असतात, त्यामुळे शाळेत जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

असे निदान झाले तर ते पहिल्याच दिवशी शाळेतल्या बाईंना सांगावे, म्हणजे झाडाचे खोड हिरवे रंगवले म्हणून मुलाला कुणी रागावणार नाही. त्याच्या रंगीत खडूंवरचे कागद काढू नयेत. हिरव्यावर एक ठिपका, तपकिरीवर दोन, लालवर तीन अशी खूण करून द्यावी. चार वर्षांच्या मुलाला ठिपके मोजता येतात.